एका कौलाएवढा उजेड

“आधी पिल्लू सोडवा,” सरपंच म्हणाले, “मग उचला.”

तिरडी बांधून तयार होती. तिच्यावर भगव्या कापडात गुंडाळलेली माकडीण होती आणि त्या कापडाच्या आत हात घालून चार महिन्यांचं पिल्लू तिच्या पोटाला चिकटलं होतं. सकाळी आठच्या सुमारास मारुतीच्या देवळामागच्या विजेच्या डीपीवर मोठा आवाज झाला, धामणखोलची वीज गेली आणि माकडीण खाली पडली. पिल्लू त्या वेळी शेजारच्या उंबरावर होतं, म्हणून वाचलं. नंतर ते खाली उतरलं आणि आईला जे बिलगलं ते बिलगलंच.

दोघांनी ओढून पाहिलं. निघेना. मग एकानं पिल्लाची बोटं एकेक करून उकलली. एक हात सुटला की दुसरा घट्ट व्हायचा. शेवटी देवळाच्या गुरवाची बायको आक्काताई पुढं आली. पन्नाशीची, काटक बाई. “सरा मेल्यांनो, वांगी तोडालाय काय?” म्हणून तिनं सगळ्यांना बाजूला केलं, पदर पिल्लावर टाकला आणि पदरासकट त्याला उचललं. पिल्लानं तिच्या चोळीला धरलं. त्याच क्षणी मी फोटो काढला.

मी तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बातमी हातानं लिहायची, कॅमेऱ्यातला रोल काढायचा, दोन्ही एका पाकिटात घालून अडीचच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. एसटी चुकली तर बातमी दुसऱ्या दिवशी शिळी. त्यामुळे मी घड्याळाकडे बघत होतो.

मारुतीच्या गावात माकड मेलं की त्याला माणसासारखं पोचवायचं, ही तिकडची रीत. टाळ आले, गुलाल आला, भजनी मंडळ पुढं झालं. देवळामागं खड्डा तयार होता. उंबरावर आणि देवळाच्या कौलांवर बाकीची टोळी बसली होती. वानरं नव्हेत, लाल तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली लहान चणीची माकडं. मी मोजली, सत्तावीस भरली. खालच्या आवाजात ती एकसारखी हूं, हूं करत होती.

डीपीच्या खांबावर चढलेला वायरमन तेवढ्यात वरूनच बोलला, “सरपंच, जरा दम धरा. त्यास्नी खाली येऊ द्या. एकडाव बघू द्या.”

“कुनाला?”

“तिच्या मानसास्नी.”

लोक हसले. सरपंच म्हणाले, “हिंदुराव, तू तार जोड. सकाळधरनं नळाला पानी न्हाई.”

टाळ वाजले, तिरडी उचलली गेली. वायरमनचं ते वाक्य माझ्या वहीत आहे. बातमीत नव्हतं.

बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली, तीन कॉलम, फोटोसकट. मथळा होता, ‘पोरक्या पिल्लाला गावाचा पदर’. संपादकांनी फोन करून शाबासकी दिली. फोन त्यांनी त्याआधी एकदाच केला होता, एक आकडा चुकला होता तेव्हा.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी माझ्या दारात सायकल थांबली. खाकी शर्ट, कमरेला पकड आणि टेस्टर. हिंदुराव चौगले, वायरमन. पाणी प्यायला आणि खिशातून माझ्या बातमीचं कात्रण काढलं.

“सायेब, तुमी लिवलंय ते सगळं खरं हाय. पर निम्मं हाय.”

“निम्मं म्हणजे?”

“गावानं पिल्लू घेतलं म्हनून लिवलंय. कुनाचं घेतलं ते न्हाई लिवलं.”

वार्ताहराला असं तोंडावर सांगितलेलं आवडत नाही. मलाही आवडलं नाही. मी म्हटलं, “तुमचं म्हणणं काय आहे?”

“मंगळवारी माकडं धरनारी मानसं येनार हाईत. भायेरनं. पंचायतीनं बोलावलीत. माकडं पिसाळल्यात म्हंत्यात, कौलं फोडाल्यात. सगळी टोळी पिंजऱ्यात घालून लांबच्या घाटात सोडनार. पिल्लू तेवढं देवळाला ठेवनार. पेपरात आलंय न्हवं, ते आता गावाचं झालं.” त्यानं कात्रणाची घडी घातली. “पिंजऱ्यात कोंबताना कोन कुनाचं हे कुनी बघत न्हाई. निम्मी ह्या गाडीत, निम्मी त्या गाडीत. म्हंजे टोळी मोडली. आनि ते पिल्लू साखळीला.”

“मी काय करू शकतो?”

“तुमचं ऐकत्यात. माजं आयकून हसत्यात.”

हे मी स्वतः पाहिलं होतं. मी मोटारसायकल काढली.

निघण्याआधी त्यानं सायकलच्या कॅरिअरला लावलेली वही काढून दाखवली. तपकिरी पुठ्ठ्याची, लाईनच्या बिघाडांची. अकरा वर्षांपूर्वी तो धामणखोलला आला, तेव्हा आठवड्यातून तीनदा फ्यूज उडायचा. कारण सापडेना. मग लक्षात आलं की टोळी देवराईकडून गावात येताना तारांवरून येते. तेव्हापासून तो त्यांच्या वेळा लिहायला लागला, कुठल्या खांबावरून, किती, कोण पुढं, कोण मागं. वेळेआधी लाईन बंद ठेवायची आणि गेल्यावर चालू करायची. अकरा वर्षांत विजेनं ही पहिलीच गेलेली. त्या सकाळी तो दुसऱ्या वाडीवर होता.

“पंधरा मिनिटं उशीर झाला,” तो म्हणाला. त्यानं वही मिटली.

देवळामागच्या पडक्या धर्मशाळेच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो. वैशाखातलं ऊन होतं. टोळी उंबराच्या सावलीत होती. पहिली दहा मिनिटं मला नुसती माकडं दिसली. मग हिंदुराव हळू आवाजात एकेकाची ओळख करून द्यायला लागला आणि माझ्यासमोर एक घर उलगडत गेलं.

“ती बुंध्याला टेकून बसल्या न्हवं, फाटक्या कानाची, ती थोरली. मेलेली तिची लेक. उजवीकडं दुसरी लेक, धाकटी, पोटाशी पिल्लू हाय ती. त्या तिघी बारक्या, नाती. कुनाच्या पुढं कुनी खायाचं, कुनी कुनाच्या शेजारी बसायचं, सगळं आयवरनं ठरतंय. मोठ्या घरची पोरगी बारकी असली तरी मोठीच.”

“आणि तो?” मी एका दांडग्या नराकडे बोट केलं. तो लांब, एकटा, पाठ करून बसला होता.

“त्यो दांडगा. चार सालामागं खालच्या खोऱ्यातनं आला.”

“म्होरक्या तोच ना?”

“तुमी पेपरवाले नुसतं म्होरक्याच हुडकताय,” हिंदुराव हसला. “नर येत्यात, जात्यात. घर बायकांचं. तारेवर पयला पाय थोरलीचा पडतोय. ती थांबली की दांडगाबी थांबतोय.”

तेवढ्यात दोन तरण्या माद्यांची फळावरून जुंपली. दात विचकले, किंचाळल्या, एकीनं दुसरीच्या शेपटीला हात घातला. थोरली उठली. घाई नाही, आवाज नाही. जाऊन दोघींच्या मधे बसली आणि एकीच्या पाठीवरचे केस विंचरायला लागली. थोड्या वेळानं दुसरी आली आणि थोरलीच्या पाठीला लागली. भांडण कुठं संपलं ते मला कळलंच नाही. फळ तिथंच पडून होतं. पलीकडे दोन नर समोरासमोर आले. मला वाटलं, आता लागतील. त्यांनी ओठांची चपचप केली, एकमेकांना मिठी मारली आणि शेजारी शेजारी बसले.

मी आठ वर्षं पंचायतीच्या सभांना बसत होतो. एवढ्या थोडक्यात मिटलेलं भांडण मी तिथं पाहिलं नव्हतं.

“उवा काढत्यात असं आमी समजायचो,” हिंदुराव म्हणाला. “उवा कसल्या. तासतासभर चालतंय. चहापान हाय ते त्येंचं.”

साडेतीन वाजता थोरली उठली. तिच्यामागं धाकटी, नाती, मग बाकीचे. सगळे देवळावर चढले आणि तिथून आक्काताईच्या घराच्या कौलांवर गेले. कुणी ओरडलं नाही. कुणी फळाच्या, भाकरीच्या मागं गेलं नाही. नुसते बसले. फक्त थोरली कौलांवरून हळूहळू पुढं सरकत होती.

“हे रोज,” हिंदुराव म्हणाला. “दोन टायमाला. सकाळी साताला आनि आत्ता.” त्यानं वही उघडून दाखवली. सहा दिवस, बारा नोंदी.

मी पंचायतीत गेलो. सरपंच भैरू नलवडे खुशीत होते. माझ्या बातमीनंतर आजूबाजूच्या सात गावांतून लोक पिल्लाला दूध, केळी, नारळ घेऊन येत होते. एका आमदारानं निरोप धाडला होता.

“या या! तुमी तर गावाचं नाव केलंसा. आता माकडं धरल्याचीबी एक बातमी टाका.”

मी तक्रारींची वही मागितली. सहा दिवसांत चौदा तक्रारी होत्या. प्रत्येकीपुढं घराचं नाव होतं. मी बसून आकडे मांडले. चौदापैकी अकरा तक्रारी तीन घरांच्या होत्या. आक्काताईचं घर, तिथल्या तक्रारी गुरवाच्या सहीच्या, आणि त्याच्या डावीकडचं, उजवीकडचं.

“सरपंच, माकडं गावावर पिसाळली असती तर गावभर कौलं निघाली असती. ही एकाच घराभोवती निघालीत.”

“म्हंजे?”

“म्हणजे त्यांना त्या घरातलं काहीतरी हवंय.”

सरपंच म्हणाले, “तुमीच लिवलंसा की वो, गावानं पदरात घेतलं म्हनून. आता गाव काय पदर झाडनार?”

मी वही मिटून त्यांच्यापुढं सरकवली आणि उठलो.

आक्काताईच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ती माजघरात होती. मुलगे इचलकरंजीला यंत्रमागावर, घरात ती आणि नवरा. आढ्याला साडीची झोळी बांधलेली होती आणि झोळीत पिल्लू झोपलं होतं. अंगात झबलं, कपाळाच्या कडेला काजळाची तीट, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी घंटी. वरचं एक कौल सरकलेलं होतं आणि तिथून उन्हाचा चौकोन बरोबर झोळीवर पडला होता.

“पेपरवाले आले व्हय. बसा. फोटो काडू नगा, त्येची झोप मोडतीया.”

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, “कौल सरकलंय वरचं.”

“रोज बसवायचं, रोज सरकतंय,” ती म्हणाली आणि वर न बघता झोळीला झोका दिला.

हिंदुराव उंबऱ्यातच बसला. “आक्का, त्येला परत द्याया पायजे.”

“कुनाला? त्या दांडग्याला? फाडून खाईल.”

“थोरलीला.”

“म्हातारीला! तिच्या अंगात दूध हाय व्हय?”

“दूध धाकटीपाशी हाय. तिचं पिल्लूबी ह्येच्याच जोडीचं हाय. आनि हे आता पाला, फळबी खातंय.”

“तुला लई ठावं. तुज्या वहीत लिवलंय व्हय, ती घेत्यात म्हनून?”

मला वाटलं, तो हो म्हणेल. एका ‘हो’वर काम झालं असतं.

“न्हाई,” तो म्हणाला. “अकरा सालात आय गेलेली दोन पिल्लं बगितलीत. एकाला मावशीनं घेतलं. दुसऱ्याला कुनीच न्हाई घेतलं. ते चार दिसांनी गेलं.”

माझ्या धंद्यात आपल्याला सोयीची बाजू आधी आणि दुसरी शेवटच्या परिच्छेदात, अशी सवय असते. या माणसानं दोन्ही एका दमात सांगितल्या, त्यातली एक त्याच्याच विरुद्ध जाणारी असतानाही.

पिल्लू जागं झालं. तिनं त्याला उचललं तसं ते चटकन तिच्या गळ्याला लागलं, डोकं तिच्या हनुवटीखाली. त्या पकडीत काही खोटं नव्हतं. तिच्याही नव्हतं.

“आय मेली त्या दिवशी सगळ्यांनी हात वर केले,” ती म्हणाली. “ह्ये सहा दिस माज्या अंगावर हाय. हागतंय, मुततंय, रातचं दचकतंय. आता तुमी दोगं येऊन सांगनार, दे म्हनून. उद्या त्येनी न्हाई घेतलं, तर? पुन्यांदा माज्याकडं येईल? का तारंवर जाईल?”

“म्हनून तुमीच पायजे,” हिंदुराव म्हणाला. “दुसऱ्या कुनाच्या हातनं हे जानार न्हाई. तुमी बसा. त्येनी न्हाई घेतलं तर तसंच घेऊन उठा. मग मीबी कवा तोंड उघडनार न्हाई.”

तिनं मान वर केली. सरकलेल्या कौलातून आलेल्या उन्हात तिचे डोळे बारीक झाले.

“उद्या सकाळी,” ती म्हणाली. “आनि फोटो न्हाई.”

संपादकांना मी दुसरा फोटो कबूल करून बसलो होतो. मी कॅमेऱ्यातला रोल काढला आणि तिच्या देवाच्या कोनाड्यात ठेवला. तिनं एकदा रोलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “चहा टाकतो,” ती म्हणाली. आमच्या भागात बायकाही असंच बोलतात.

सोमवारी सकाळी साडेसहाला हिंदुरावनं लाईन बंद केली आणि तो खाली येऊन धर्मशाळेच्या ओट्यावर बसला. सरपंच काठी घेऊन आले. मागं पाचसहा माणसं.

आक्काताई घरातून बाहेर आली. पिल्लाच्या अंगात झबलं नव्हतं, तीट पुसलेली होती, घंटी काढलेली होती. दोऱ्याच्या जागी मानेवरचे केस तेवढे दबलेले दिसत होते.

“सरपंच, काठी घरात ठिवून या,” ती म्हणाली. “न्हाईतर काठीसंगं तुमीबी घरातच ऱ्हावा.”

सरपंचांनी काठी मागच्या माणसाकडे दिली. माणसं मागं सरकली. ती उंबराच्या मुळावर जाऊन बसली. आम्ही पंचवीस पावलांवर.

सात वाजता तारा हलल्या. पुढं थोरली. तिनं तारेवरूनच खाली पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. मागच्या सगळ्या थांबल्या. सगळ्यात शेवटी दांडगा होता, तोही थांबला. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं कुणी हललं नाही.

मग थोरली उतरली. एकटी.

ती आक्काताईपासून दोन हातांवर आली आणि बसली. दात दाखवले नाहीत, झडप घातली नाही. ओठांची हलकी चपचप केली. पिल्लानं आक्काताईच्या गळ्यातून तोंड बाहेर काढलं, एक बारीक, चिरका आवाज केला आणि पुन्हा तोंड लपवलं. आक्काताईचे हात त्याच्या पाठीवर होते.

“हात काढा,” हिंदुराव पुटपुटला. तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

तिनं हात काढले. दोन्ही हात मांडीच्या बाजूला, मुळावर ठेवले. पिल्लू आता फक्त आपल्या पकडीवर होतं.

थोरली एक हात पुढं सरकली. तिनं पिल्लाच्या मानेवरचे, दोऱ्यानं दबलेले केस बोटांनी मोकळे केले. मग पाठ. मग खांदा. एक केस उचलायचा, त्याच्या मुळाशी बघायचं, बाजूला सारायचं, पुढचा उचलायचा. ज्या सावकाशीनं तिनं आदल्या दिवशी भांडण मिटवलं होतं, त्याच सावकाशीनं. तिचा हात फिरत फिरत आक्काताईच्या दंडापर्यंत आला. तिथं क्षणभर थांबला आणि तिनं आक्काताईच्या दंडावरची लव दोन बोटांनी बाजूला सारून पाहिली. मग पुन्हा पिल्लाकडे वळली.

माझ्या शेजारी सरपंचांचा श्वास ऐकू येत होता.

किती वेळ गेला, ते मी घड्याळात पाहिलं नाही. माझ्या वहीत त्या जागी कोरं आहे. मला दिसलं ते एवढंच, की पिल्लाचा एक हात चोळीवरून सुटला आणि थोरलीच्या पोटावरच्या केसांत गेला. मग दुसरा. त्याची बोटं कुणी उकलली नाहीत.

थोरली त्याला पोटाशी घेऊन मागं सरली. तेव्हा वरून सगळे उतरले. धाकटी आली, तिनं पिल्लाला हुंगलं आणि आपल्या पिल्लाशेजारी, दुसऱ्या बाजूला, त्याला जागा दिली. त्यानं तोंड लावलं. तीन नाती त्याच्या शेपटीला, पायांना हात लावून बघायला लागल्या. शेवटी दांडगा आला. सरपंचांचा हात काठीसाठी मागं गेला. तो वाकला, पिल्लाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओठांची चपचप केली आणि जाऊन आपल्या जागी, सगळ्यांकडे पाठ करून बसला. तो आदल्या दिवशीही पाठ करून का बसला होता, ते मला त्या वेळी दिसलं. त्या बाजूनं देवराईची वाट यायची आणि गावची कुत्री त्याच वाटेनं यायची.

“आयला,” सरपंच म्हणाले. तेवढंच.

त्यांनी त्याच दुपारी फोन करून पिंजरेवाल्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. आपण आधीपासून याच मताचे होतो, असं त्यांनी मला नंतर दोनदा ऐकवलं.

माणसं पांगली. आक्काताई मुळावरच बसून होती, हात अजून बाजूला टेकलेले. हिंदुराव लाईन चालू करायला गेला. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, “तुमच्या दंडाला हात लावला तिनं. भीती नाही वाटली?”

“भ्या कशाचं? वळख हुती आमची.”

“कसली ओळख?”

तिनं उंबरावर बसलेल्या थोरलीकडे बोट केलं.

“कौलं फोडत न्हवती ती,” ती म्हणाली. “एकबी कौल फुटलेलं न्हाई, बगा पायजे तर. सरकवायची. आदी सोप्यावरचं, मग सैपाकघरावरचं. एकेक खोली बघत बघत आली. तिसऱ्या दिशी झोळीवरचं कौल सरकलं आनि तिचं तोंड दिसलं. म्या खाली, ती वर. मधे ह्ये झोपल्यालं. तिनं आवाज केला न्हाई. झोप मोडंल म्हनून, का कशानं, तिला ठावं. बघून गेली. मग रोज दोन टायमाला. ती गेली की मी कौल बसवायचो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ती कशासाठी येते ते?”

“तिसऱ्या दिसापासनं.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

“सांगितलं असतं तर द्यावं लागलं असतं,” ती म्हणाली, आणि उठून घरात गेली.

मी त्या दिवशी बातमी लिहिली. बारा ओळींची, फोटो नाही. पहिल्या बातमीत जे राहिलं होतं ते हिंदुरावचं वाक्य तिच्यात घातलं आणि ते पहिल्या बातमीत का नव्हतं, तेही. आक्काताईचं शेवटचं बोलणं घातलं नाही. बातमी पाचव्या पानावर खाली आली. संपादकांचा फोन आला नाही. पुढचा महिनाभर मी तक्रारींची वही पाहत होतो. गुरवाच्या घराची एकही तक्रार नव्हती. केळीच्या तीन होत्या.

जूनच्या तोंडाशी शाकारणीचे दिवस असतात. घरोघर कौलं उतरवून, झाडून पुन्हा बसवतात. धामणखोलला कुठल्याशा सभेला गेलो होतो, तेव्हा आक्काताईकडे डोकावलो. रोल अजून कोनाड्यातच होता. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. झोळी सोडून ठेवलेली होती. पण माजघरात पूर्वीसारखाच उन्हाचा चौकोन पडला होता.

मी वर पाहिलं. झोळीच्या जागेवर तिनं काचेचं कौल बसवून घेतलं होतं.

“उजेड लागतोय वो, म्हातारपनी,” ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

काच बाहेरून धुळीनं माखली होती. त्या धुळीत एक हात उमटला होता. लहान, पाचही बोटं स्वच्छ.

“काच पुसायला हवी,” मी म्हटलं.

“वर कोन चढतंय,” आक्काताई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.